कणगीवरचं गणित

साडेअकराची धसईची एसटी आमच्या फाट्यावर थांबते, दोन-चार माणसं उतरवते आणि वळून निघून जाते. त्या दिवशी ती निघाली नाही. मी बांधावर गवत कापत होते. गाडीचं इंजिन चालूच होतं आणि कंडक्टर पायवाटेने माझ्याकडे येत होता. चिखलात त्याचे बूट रुतत होते. धसईच्या एसटीडीवाल्याने त्याच्याजवळ निरोप दिला होता. "वयनी, घरी चला," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "ठाण्याचा फोन व्हता?"  तो म्हणाला, "गवत राहू द्या." मी गवत राहू दिलं नाही. कापलेलं सगळं गोळा केलं, भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि सावकाश चालत निघाले. कंडक्टर तसाच उभा होता. भारा घरी उतरवेपर्यंत कुंदा आहे, असं काहीतरी माझ्या मनाने धरलं असावं...

कुंदा माझी नणंद, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला जाऊन आता दोन महिने होत आले. तिच्याच वहीत मागची कोरी पानं होती, त्यांवर हे लिहिते आहे. मला चौथीपर्यंतच शाळा. चार माणसांत मला बोलता येत नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घरातही येत नाही. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण जे बोलायला हवं होतं ते वेळेवर बोलले नाही, आणि आता ते पोटात ठेवून भात शिजवता येत नाही.

माझं माहेर उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात. एकाच गुरुजींची शाळा होती. गुरुजी जुन्या वळणाचे. त्यांनी आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ करून घेतले होते. चौथीनंतरची शाळा लांब होती आणि माझ्या पाठीवर तीन भावंडं होती, म्हणून शिकणं तिथेच थांबलं. लग्न होऊन मी मुरबाड तालुक्यात आले तेव्हा कुंदा बारावीला होती. घरात माणसं चार. सासूबाई, हे, कुंदा आणि मी. ह्यांना मुरबाडला कंपनीत पाळी असायची. कुंदाने कॉलेजला नाव घातलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात, गनित शिकून काय डोंगर मोजनार हाय का सिद्धगडचा?" कुंदा म्हणाली, "मोजीन नी. तू टोक धर, मी दोरी धरते." सासूबाईंना हसू आलं आणि परवानगी मिळून गेली.

पहिली दोन वर्षं ती नीट पास झाली. तिसऱ्या वर्षी एका पेपराला अडली. ऑपरेशन्स रिसर्च असं त्याचं नाव. पहिल्यांदा नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास. तिसऱ्या वेळेला कॉलेजातून कळलं की पुढच्या वर्षापासून कोर्स बदलणार. म्हणजे ही परीक्षा चुकली तर नवीन पुस्तकं, नवीन पेपर, सगळं पहिल्यापासून. किन्हवलीकडच्या एका शाळेत तिला शिकवायला घ्यायला तयार होते, पण हातात बी.एस्सी. हवी होती. त्या एका पेपरावर तिचं सगळं अडकलं होतं.

आमच्या पडवीत भाताची मोठी कणगी आहे, बांबूच्या कामट्यांची, बाहेरून शेणाने सारवलेली, माणसाच्या उंचीची. कुंदा तिच्या पोटावर खडूने गणितं करायची. कागद वाया जात नाही आणि उभ्याने केलं की डोकं चालतं, असं तिचं म्हणणं. मी खाली बसून तांदूळ निवडत असायची. एका दुपारी तिने आडव्या-उभ्या रेघा मारून मोठं कोष्टक भरलं, पुसलं, दुसरं भरलं, तिसरं भरलं, आणि शेवटचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळेना. ती कणगीला डोकं टेकून रडायला लागली. मी वर बघितलं. मला त्या कोष्टकातलं काही कळत नव्हतं, पण एका घरात दिडाला पाचाने गुणून साडेसहा लिहिलेलं दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, पाच दिडे साडेसात." तिने मान वर केली. "काय म्हनलीस?" मी घाबरले. चुकीचं बोलले असं वाटून सूप उचलून आत निघाले. तिने माझा पदर धरला. "वयनी, पुन्ना बोल."

तिची अडचण नेमकी तीच होती. सिम्प्लेक्स नावाची ती कोष्टकांची रीत तिला पाठ होती, अपूर्णांक तिला दगा द्यायचे. "ह्या सिम्प्लेक्समंदी एक आकडा चुकला का पुढचं समदं कुजतं गो," ती म्हणायची. आणि मला त्या रीतीची अक्षरंही ठाऊक नव्हती, पण पाव, निम, पाऊण, दीड हे माझ्या जिभेवर होते. मग आमचं ठरून गेलं. दुपारी सासूबाई शेजारी जाऊन बसल्या की ती कणगीपाशी उभी राहायची, मी खाली सूप घेऊन बसायची. ती विचारायची, "तीन निमे?" मी सांगायची, "दीड." ती म्हणायची, "दोनातून गेला?" मी म्हणायची, "अर्धा उरला." माप मोजताना एक न म्हणता लाभ म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मी ओळी मोजतानाही तसंच म्हणायची, लाभ, दोन, तीन. ती आधी खूप हसली. नंतर तीही पहिल्या कोष्टकाला लाभ म्हणू लागली.

पुढे तिला वाटलं, नुसते आकडे सांगण्यापेक्षा वयनीला हे कळलं पाहिजे. तिने आमच्याच शेतावर गणित मांडलं. जमिनीचे तुकडे आठ, माणसं दहा. एका तुकड्यात भात लावायला दोन माणसं लागतात आणि तीन पोती येतात. नागलीला, म्हणजे नाचणीला, एकच माणूस लागतो आणि दोन पोती येतात. जास्तीत जास्त पोती किती येतील? ती जोराने सांगत होती आणि सासूबाई नेमक्या दारात येऊन उभ्या. "खाचरात नागली लावतं का कोन? ही कालेजात गेली नी येडी झाली." कुंदा म्हणाली, "आये, कणगीवर लावते. खाचरात नाय." "मंग कणगीवरचंच खा," असं म्हणून सासूबाई आत गेल्या.

रीत अशी होती. खालच्या ओळीत वजाचे आकडे असतात. जिथे सगळ्यात मोठा वजा, त्या रकान्यातलं पीक आधी घ्यायचं, म्हणजे भात. मग प्रत्येक ओळीला विचारायचं, तुझ्या जिवावर भात किती तुकड्यांत होईल? जमीन म्हणते आठ. माणसं म्हणतात पाच. "आता कोनाचं ऐकायचं?" कुंदाने विचारलं. मी म्हटलं, "जमिनीचं. जास्तीत जास्त हवंय ना? मंग आठ." तिने मला अडवलं नाही. "कर," म्हणाली. मी केलं. आठ तुकडे भात, चोवीस पोती. मला फार आनंद झाला. मग तिने माणसांची ओळ दाखवली. तिथे वजा सहा आलं होतं. "वयनी, पोती चोवीस आली, पन लावनीला वजा सहा मानसं आलीत. ती कुठं जेवायला बसवशील?" मी तोंडावर पदर धरून हसत सुटले. ती पण हसली, हसता हसता खोकली आणि कणगीला धरून खाली बसली. हसणं थांबल्यावरही तिचा श्वास थांबत नव्हता, भाता चालावा तशी छाती वरखाली होत होती. मी पाणी दिलं. पाणी पिऊन तिने जे सांगितलं ते मी रोज ऐकते. "जी ओळ आधी संपते, तिचंच ऐकायचं. बाकीच्यांत कितीबी शिल्लक असू दे. नी समद्या ओळींना विचारायचं. एक जरी विचारायची राह्यली ना, तर उत्तर खोटं."

मग पाच तुकड्यांपासून सुरू केलं, खालच्या ओळीतला वजा जाईपर्यंत पुढे गेलो. उत्तर आलं दोन तुकडे भात, सहा तुकडे नागली, अठरा पोती. जमीनही पुरली, माणसंही पुरली. माझ्या हाताने आलेलं ते पहिलं उत्तर. त्या दिवशी मी भाकऱ्या करताना गुणगुणत होते, सासूबाईंनी विचारलं देखील, "माहेराहून सांगावा आला का काय?"

त्या खोकल्याकडे मी तेव्हाच बघायला हवं होतं. लहानपणी तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता. गुडघे सुजायचे, तापायचे, पुन्हा बरे व्हायचे. घरात त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पण त्या फाल्गुनात ती विहिरीचा चढ चढताना दोनदा थांबायला लागली. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी तिच्याबरोबर मुरबाडला डॉक्टरकडे गेले, घरी सांगितलं की पुस्तक आणायला जातोय. डॉक्टरने बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग ठाण्याच्या मोठ्या दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, उशीर करू नका, घरच्यांना सांगा, असं म्हणाला. परतीच्या एसटीत कुंदाने ती चिठ्ठी चार घड्या करून त्या पेपराच्या पुस्तकात घातली. "वयनी, पेपर चैत्रात हाय. आता सांगितलं तर दादा मला ठान्याला नेईल, नी पेपर जाईल. पेपर झाला का आपनच सांगू. माझी शपथ हाय तुला." मी मान हलवली. मला मान हलवणं सोपं जातं.

चैत्रात ती पेपर देऊन आली. एसटीतून उतरली तेव्हा ओठ निळसर दिसत होते, पण डोळे हसत होते. "वयनी, सिम्प्लेक्सचं मोठं गनित आलं. तीन कोष्टकं लागली. पाव आला का तुझा आवाज ऐकू येत व्हता." मी म्हटलं, "आता सांगूया ना ताई?" ती म्हणाली, "घरात लग्नाची घाई हाय, मावशीकडचं होऊ दे." लग्न झालं. मग रोपं टाकायची म्हणून शेत भाजायचं होतं. मग ती म्हणाली, निकाल येऊ दे. निकाल आला, पास झाली होती. सासूबाईंनी गावभर पेढे वाटले, डोंगर मोजणारी पोर म्हणून सगळ्यांना सांगत सुटल्या. मग लावणी आली. लावणीत कोण ठाण्याला जाणार...

एकदा, एकदाच, ती वेळ आली होती. दुपारची जेवणं चालली होती. कुंदा दोन घास खाऊन भिंतीला टेकली. ह्यांनी ताटावरून मान वर करून विचारलं, "कुंदे, बरी हाईस ना तू?" तिने माझ्याकडे बघितलं. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं, "काय गो, बरी हाय ना ही?" तोंड उघडायला मला एवढीच जागा लागणार होती. मी आमटीची वाटी पुढे केली आणि म्हटलं, "उन्हाची दमली आसल." ह्यांनी आमटी वाढून घेतली. मी आजवर एवढ्या माणसांसमोर जे काही बोलले असेन, त्यात ते एकच वाक्य स्पष्ट आणि न अडखळता बोलले होते.

भाद्रपदात तिला आडवं झोपता येईना. बसूनच असायची, उशीला टेकून. तेव्हा मात्र ह्यांनी जीप बोलावली. जायच्या आदल्या दिवशी मी सारखी रडत होते. ती म्हणाली, "मला पाटावर बसव, कणगीपाशी." बसवलं. खडू मागितला. दोन शब्दांनंतर तिला थांबावं लागत होतं. तिने नवं गणित मांडलं. माणसं आठ, जमिनीचे तुकडे सहा, आणि तिसरी ओळ नवीन होती, राखणीचे दिवस वीस. भाताच्या तुकड्याला राखणीचा एक दिवस, नागलीवर पाखरं जास्त म्हणून तीन. भाताला माणसं दोन आणि पोती चार, नागलीला माणूस एक आणि पोती तीन. पहिलं कोष्टक तिने स्वतः भरलं, अक्षर तिरकं गेलं होतं. "हे तू एकटीनं कर. मला इचारायचं नाय. परत आले का बघते." मी म्हटलं, "ताई, मी चिठ्ठीचं सांगते आता." ती म्हणाली, "आता... चिठ्ठी कशाला... आता चाललेच ना." दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उचलून जीपमध्ये बसवताना ती सूप उचलावं तितकी हलकी लागली. चौथ्या दिवशी एसटी फाट्यावर थांबून राहिली.

दहाव्यानंतर ह्यांनी तिची पुस्तकं बांधून ठेवायला घेतली. मी चुलीपाशी होते. पीठ घ्यायला वळले, तर त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती. त्यावर फाल्गुनातली तारीख होती. दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की चार-सहा महिने आधी आणली असती तर झडपेचं काही करता आलं असतं. ह्यांनी मला विचारलं, "तुला ठाव व्हतं?" मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी चिठ्ठी पुन्हा चार घड्या करून पुस्तकात ठेवली. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. मारलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटतं.

सासूबाईंना मात्र कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, पोरीला नजर लागली. पेढे वाटले म्हणून लागली, असं त्या स्वतःलाच बोलत राहायच्या. मला ते ऐकवत नसे, आणि तरी मी ऐकत असे.

आता झोडणी झाली. भात घरात आणायचं म्हणजे आधी कणगी सारवायला हवी. परवा सासूबाईंनी शेण कालवून आणलं आणि हाक मारली. मी कणगीपुढे उभी राहिले. कुंदाचं ते शेवटचं कोष्टक तसंच होतं, दोन महिने कोणी हात लावला नव्हता. मी म्हटलं, "आई, थोडं थांबा." असं मी त्यांना आजवर कधी म्हटलं नव्हतं. खडूचा तुकडा कणगीच्या खाली पडला होता. मी तो घेतला आणि बाजूच्या मोकळ्या जागेत मांडायला लागले. मोठा वजा भाताखाली. माणसांना विचारलं, चार म्हणाली. जमिनीला विचारलं, सहा म्हणाली. दिवसांना विचारलं, वीस म्हणाले. माणसांचं ऐकलं. दुसरं कोष्टक केलं, खाली अजून एक वजा राहिला होता, तिसरं केलं. वजा गेला. दोन तुकडे भात, चार तुकडे नागली, पोती वीस. ओळींत घालून बघितलं. माणसं आठच्या आठ लागली, जमीन सहाच्या सहा. राखणीचे दिवस चौदा लागले. सहा उरले.

सासूबाई शेणाची पाटी घेऊन बसूनच होत्या. "झालं? काय आलं त्यात?"

"सहा दिवस उरले, आई."

"कुनाचे?"

मग मी सांगितलं. मुरबाडचा डॉक्टर, चिठ्ठी, शपथ, चैत्र, लग्न, लावणी, आमटीची वाटी. सगळं सांगितलं, उभ्यानेच, कणगीकडे तोंड करून. "एक ओळ आमी मांडलीच नाय. मला म्हाईत असून मी कुनाला इचारू दिलं नाय."  मागे पाटी सरकल्याचा आवाज आला. त्या उठल्या, मला बाजूला सारलं आणि स्वतः सारवायला लागल्या. वरून खाली, मागून पुढे, सगळी कणगी सारवली. कोष्टकापाशी त्यांचा हात आला आणि थांबला. मी म्हटलं, "पुसा आई. नायतर भात सांडंल."

"सांडू दे," त्या म्हणाल्या. "दिसू दे तुला. रोज दिसू दे."

तेवढी जागा त्यांनी तशीच सोडली. कणगी आता भाताने भरली आहे. त्या जागेवरचं जुनं सारवण वाळून त्याला भेगा पडल्या आहेत आणि रोज सकाळी कोष्टकाखाली जमिनीवर मूठभर भात सांडलेलं असतं. मी बसून ते वेचते. पहिला दाणा उचलताना तोंडात लाभ येतं, आणि मी वर बघते. डाव्या बाजूला तिचं तिरकं अक्षर, उजवीकडे माझं. उत्तराच्या पुढे थोडी जागा मोकळी ठेवली आहे. बरोबर असलं की ती तिथे खूण करायची.